फुलावर आलेला ताग

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर बांधाशी येऊन उभा राहिला आणि मी चालकाला म्हणालो, ‘आज नको.’ त्याने रानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘काका, फूल धरलंय की. आता कशाची वाट बघताय?’ त्याचं बरोबर होतं. २२ जूनला पेरलेला ताग ४७ दिवसांचा झाला होता, डोक्याएवढा वाढला होता आणि निम्मं रान पिवळं दिसत होतं. ताग गाडायची वेळ ती हीच. मी त्याला खरं कारण सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. रानात भुंगे आले होते.

‘मग परवा येतो,’ तो म्हणाला. ‘उद्या पंचमी, उद्या कोण नांगर धरतंय? पण परवा न्हाई म्हणू नका. पुढं आठ दिवस मला सवड न्हाई.’

आमचं रान कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यात आहे. दोन एकर. मी बत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच महाराष्ट्राबाहेर, आणि निवृत्तीनंतर इथे येऊन राहिलो. चाळीस वर्षं उसामागे ऊस घेऊन आणि पाटाने पाणी सोडून सोडून जमीन दगडासारखी झाली होती. ढेकूळ हातात घेऊन चुरायला गेलं तर बोटं दुखायची. कृषी सहायकाने सल्ला दिला की ऑक्टोबरात पूर्वहंगामी लागण करायची असेल तर त्याआधी पावसाळ्यात ताग करा. चोपण जमीन असती तर त्याने धैंचा सांगितला असता. आमची अजून तिथवर गेली नव्हती. एकरी २५ किलो बी फेकलं, एक कुळवाची पाळी दिली आणि मग काहीच केलं नाही. तागाला काही करावं लागत नाही. तो इतका दाट आणि इतका भराभर येतो की खाली तणाला ऊनच मिळत नाही.

या झाडाला आपल्या देशात जागोजाग नावं आहेत. संस्कृतात शण, गुजरातीत शण, हिंदीत सनई, तेलुगूत जनुमु, तमिळमध्ये सणप्पु, कन्नडमध्ये सेणबु. मराठीत आपण गोणपाटाच्या ज्यूटलाही ताग म्हणतो आणि यालाही, म्हणून घोटाळा होतो. ओढ्याकाठी, पडीक रानात आपोआप उगवणारा पिवळ्या फुलांचा खुळखुळा हा याचाच भाऊबंद. वाळलेल्या शेंगेत बिया वाजतात म्हणून तो खुळखुळा. तागाच्या शेंगाही तशाच वाजतात.

माझी आणि तागाची खरी भेट मात्र उत्तर प्रदेशात झाली, तीही ताटात. प्रतापगढला माझी बदली झाली होती. एका सहकाऱ्याच्या घरी पिवळसर हिरवी, किंचित कडवट, लसणाची आणि मोहरीच्या तेलाची भाजी वाढली. ‘सनई के फूल,’ त्याची आई म्हणाली. मी दोनदा मागून घेतली. ज्या झाडाच्या सालीच्या दोरांनी माझ्या वडिलांनी जन्मभर बैल बांधले, त्याचीच फुलं मी खातोय हे मला कळायला आणखी वर्ष गेलं. त्या भागात हे झाड माणसं खातात, त्याचा दोर वळतात आणि त्याचं खतही करतात. आमच्याकडे बैल गेले, नायलॉनचे दोर आले आणि तागाला आता मातीखाली जाण्यापलीकडे काम उरलेलं नाही.

गाडायचं ते फुलावरच का, हे आधी नीट सांगतो, कारण सगळा पेच तिथे आहे. तागाचं रोप अलगद उपटलं तर मुळांना ज्वारीच्या दाण्यासारख्या गाठी दिसतात. नखाने गाठ फोडली आणि आत गुलाबी लाल रंग दिसला, की समजायचं, आतले जिवाणू कामावर आहेत. ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. फुलावर येईपर्यंत हा व्यवहार जोरात चालतो. झाडात नत्र भरपूर असतो, खोड कोवळं असतं. या वेळी गाडलं तर महिनाभरात ते कुजतं आणि नत्र पुढच्या पिकाला मिळतो. चांगल्या पिकातून हेक्टरी ६० ते १०० किलो नत्र मिळतो असं धरतात. पण एकदा का शेंग धरली की झाड सगळी पुंजी बियांकडे वळवतं. गाठी थकतात. खोडात धागा तयार होतो, तोच धागा ज्याचे दोर व्हायचे. असं जून झालेलं झाड गाडलं तर ते लवकर कुजत नाही. उलट ते कुजवण्यासाठी जमिनीतले जिवाणू जमिनीतलाच नत्र वापरतात आणि नव्या लागणीची पानं पिवळी पडतात.

म्हणजे तागाचा मातीला जास्तीत जास्त उपयोग कधी, तर तो स्वतःसाठी काही करायला लागण्याच्या नेमक्या आधी. शेतीच्या पुस्तिकेत हे एका ओळीत लिहिलेलं असतं: पीक फुलोऱ्यात असताना गाडावे. मी ती ओळ अनेकदा वाचली होती. तिच्यात काही खटकण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, भुंगे येईपर्यंत.

भुंगा म्हणजे तो मोठा काळा, निळसर चमकत्या पंखांचा, ज्याच्या आवाजाने लहान मुलं दचकतात. तागाचं फूल त्याच्याच मापाचं आहे. खालच्या दोन पाकळ्या जुळून एक बंद होडी होते आणि परागकण तिच्यात दडलेले असतात. लहान माशी येऊन बसली तर होडी हलतही नाही. भुंगा बसला की त्याच्या वजनाने होडी दबते आणि टोकातून पराग पिचकारीसारखे वर ढकलले जाऊन त्याच्या पोटाला लागतात. तो गेला की होडी पुन्हा मिटते. अशा जड पाहुण्याचं ओझं अंगावर घेतल्याशिवाय तागाला बी धरणं अवघड. आणि हे पाहुणे लांबचे नव्हते. आमच्या गोठ्याच्या जुन्या वाशांना बोटाएवढी गोल भोकं आहेत आणि खाली भुसा पडलेला असतो. इतकी वर्षं ते आमच्याच छपरात राहत होते. गेली तीस-चाळीस वर्षं त्यांनी काय खाल्लं असेल? चहूकडे ऊस. ऊस म्हणजे गवतच, त्यात भुंग्याचं काही नाही. बांधांवर तणनाशक मारलेलं. एकीकडची करंजी तोडलेली, दुसरीकडची शेवगा रस्त्यात गेलेली. आणि अचानक छपरासमोर दोन एकर पिवळं. ते बोलावल्यासारखे आले होते, आणि बोलावलं मीच होतं.

त्या दिवशी मी बांधावर बसून स्वतःशी वाद घातला. झाडाला दुःख होतं असं मी मानत नाही. ताग मी पेरला नसता तर तो नसताच, तेव्हा त्याला पन्नास दिवस मिळाले हीच माझी देणगी, असाही एक युक्तिवाद मनात आला. पण तो मला घाणेरडा वाटला. एखाद्याला जन्म आपल्या कामासाठी दिला म्हणून त्याच्या सगळ्या जन्मावर आपला हक्क होतो, हे माणसांच्या बाबतीत आपण निदान तोंडाने तरी मान्य करत नाही. मग झाडाच्या बाबतीत ते इतकं सहज का पटावं? आणि भुंगे? त्यांच्याशी मी काही करार केला नव्हता. पण जेवायला बसवून ताट ओढून घेणं याला करार मोडणं म्हणत नसले, तरी दुसरं चांगलं नावही नाही.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचं मन का हललं हे सांगताना ज्ञानदेवांनी हाच भुंगा आणला आहे. कोरडं कठीण लाकूड लीलया पोखरणारा, पण कोवळ्या कळीत अडकला तर जीव जाऊ देईल, पाकळी चिरणार नाही. अर्जुनाची ती करुणा होती की मोह, यावर पुढचे सतरा अध्याय आहेत. मी मात्र संध्याकाळपर्यंत ठरवून टाकलं होतं की माझी ती करुणाच आहे. खरं सांगायचं तर मी स्वतःवर थोडा खूश होतो. बँकेत कर्जवसुली केलेला माणूस, आणि फुलासाठी ट्रॅक्टर परत पाठवतो.

त्याच संध्याकाळी आक्का आली, पंचमीला माहेरी. ती सत्तरीची आहे, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आणि एकही पंचमी चुकवत नाही. आमच्याकडे पंचमीला जमीन उकरायची नाही, विळी-चाकू धरायचा नाही, तव्यावर काही टाकायचं नाही. सकाळी तिने पाटावर नागोबा काढला, लाह्या-दूध ठेवलं आणि लहानपणी आई सांगायची तीच कहाणी माझ्या नातीला सांगितली. शेतकरी नांगरत होता, फाळाखाली नागिणीची पिल्लं मेली. नागीण रागाने घरभर सगळ्यांना डसली. मग तिला कळलं की याची एक मुलगी सासरी आहे. तिलाही संपवायला गेली, तर ती पाटावर नाग काढून पूजा करत बसलेली. नागीण निवली, तिला अमृत दिलं, आणि त्या मुलीने माहेरी येऊन सगळ्यांना उठवलं.

नातीने विचारलं, ‘मग त्या मुलीला काय मिळालं?’

आक्का हसली. ‘तिला? तिला म्हायेर मिळालं की.’

दुपारी आक्काला रान दाखवायला नेलं. भुंग्यांचा आवाज दुरूनच येत होता. मी तिला सगळं सांगितलं, होडीसारख्या पाकळ्या, गोठ्याचे वासे, परत पाठवलेला ट्रॅक्टर. तिने ऐकून घेतलं. एक रोप वाकवून पाहिलं, शेंड्याकडून बुडाकडे बोट फिरवलं.

‘अजून लवतंय. चार दिसांनी काडी हुईल. मग गाडलंस तर ना तागाचं ना रानाचं.’

‘पण आक्का, वाईट वाटतं गं.’

‘वाटतं की,’ ती म्हणाली. थोडं पुढे गेली, एक फूल तोडून केसात खोवलं आणि मागे न बघता म्हणाली, ‘तुझं बरं हाय. तुला भुंग्याचं तरी वाईट वाटतंय.’

त्यातला तो ‘तरी’ मला रात्री झोपताना ऐकू आला. ती रागाने म्हणाली नव्हती. तिला बहुधा काही सुचवायचंही नव्हतं. पण एकदा ऐकल्यावर तो जाईना.

आक्का सातवी पास आहे. शाळेत ती माझ्याहून हुशार होती, हे गुरुजी मला माझ्या तोंडावर सांगत. सातवीनंतर हायस्कूल तालुक्याला होतं, आणि एकालाच पाठवण्याची ऐपत होती. मी तेव्हा दुसरीत होतो, माझी पाळी यायला पाच वर्षं होती, पण घराने ती पाच वर्षं आधीच माझ्या नावावर धरली. आक्का गवत कापायला, म्हशींमागे आणि आजारी आईच्या हाताखाली गेली. दुधाचे पैसे साठवून मी तालुक्याला गेलो, तिथून कॉलेजात, तिथून बँकेत. माझ्या सत्काराच्या भाषणात मी म्हणालो होतो की माझ्या बहिणीने माझ्यासाठी त्याग केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्का पुढच्या रांगेत बसली होती.

दुसरी गोष्ट २००७ सालची. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला होता. मी बँकेत होतो, कायदा मला तोंडपाठ होता. वडील गेले. तेराव्यानंतर महिन्याभरात आक्काने हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे सगळ्याच बहिणी करतात. न करणाऱ्या बहिणीबद्दल काय बोललं जातं तेही सगळ्यांना माहीत असतं. निबंधक कार्यालयातल्या माणसाने तिच्यापुढे शाईचा डबा सरकवला, तेव्हा ती म्हणाली, ‘मला सही येती.’ तिने पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, सुरेख अक्षरात. आम्ही तिला पातळ घेतलं आणि हॉटेलात जेवून घरी आलो. ज्या रानात मी भुंग्यांसाठी अस्वस्थ होऊन बसलो होतो, ते सगळंच्या सगळं माझं कसं झालं, त्याचा इतिहास एवढाच.

त्या रात्री मला ‘त्याग’ या शब्दाची शंका आली. आपल्या भाषेत भाषणाला उभं राहिलं की बी मातीत गाडून घेतं, पायाचा दगड दिसत नाही, एक पिढी खत झाली म्हणून दुसरी बहरली, अशी वाक्यं जिभेवर तयार असतात. मीही ती वापरली आहेत. पण ताग स्वतःला गाडून घेत नाही. त्याला गाडतात. बोलणारा नेहमी नंतरचं पीक असतो, आणि आपल्या मुळाशी जे कुजलं त्याला तो ‘त्याग’ म्हणतो, कारण तसं म्हटलं की कोणी गाडलं हे विचारावं लागत नाही. आक्काने काय सोडलं हे मला ठाऊक होतं. तिला सोडायचं होतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आणि मला वाटतं, तागाच्या आणि माणसाच्या प्रश्नातला फरक इथेच आहे. तागाला विचारता येत नाही. त्याच्याशी नीट वागायचं तर आपणच आपल्याला मर्यादा घालायची: किती पेरू, किती गाडू, किती ठेवू. एवढंच आपल्या हातात आहे आणि तेवढं केलं तर पुष्कळ झालं. शेती करायची तर कोणाचं तरी फूल मोडणार, यातून सुटका नाही. आक्काला मात्र विचारता येत होतं. ती रोज समोर होती, बोलत होती, सही करत होती. जिथे विचारणं शक्य आहे तिथे न विचारता केलेला कारभार कितीही प्रेमाचा असला तरी तो गाडण्याचाच प्रकार आहे. मग माझी करुणा फुलाकडे आणि भुंग्याकडे इतक्या सहज का वळली? कारण भुंगा सात-बारावर नाव मागत नाही. मुक्या जिवाची दया येणं खोटं नसतं, पण ते स्वस्त असू शकतं.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. आक्का माझ्याआधी रानात गेली होती. बांधाकडून तिने पावलं मोजली, दहा, आणि तिथे काठी रोवली. ‘ह्यो पट्टा बियाला ठेव. दरसाली बी इकत आणतोस, पैसं वर आल्यात का?’ भुंग्यांचं तिने नावही घेतलं नाही. मी दोन दिवस जे तत्त्वज्ञान करत होतो ते तिने बियाण्याच्या हिशेबात बसवलं, आणि ते तिथे जास्त चांगलं बसलं. पूर्वी प्रत्येक शेतकरी असा तुकडा राखायचा. बी विकत मिळायला लागल्यावर तो गेला, आणि त्याच्याबरोबर भुंग्यांचं उरलेलं जेवणही गेलं.

बाकीचं गाडलं. आधी रोटाव्हेटरने ताग आडवा केला, मग पलटी नांगराने मातीखाली घातला. चिरलेल्या हिरव्या खोडांचा ओला, थोडा उग्र वास सुटला. ट्रॅक्टरमागे बगळे उतरले. भुंगे उघड्या मातीवर बराच वेळ घोंगावत राहिले, जिथे फूल होतं तिथे, त्याच उंचीवर. मी ते पाहणं टाळलं नाही. मग ते एकेक करून पट्ट्याकडे गेले.

संध्याकाळी एस. टी. स्टँडवर मी आक्काला म्हणालो, ‘रानाचं एकदा बसून बोलू या.’

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. ‘इतक्या वरसांनी व्हय?’ गाडी लागली. पिशवी उचलत ती म्हणाली, ‘ये घरला. पर दाजींसमोर नको, पोरांसमोर बी नको. नुस्तं माझ्याशी बोल.’

हे लिहितोय तेव्हा नोव्हेंबर आहे. गाडलेल्या रानात ऊस लागला आहे, आणि ढेकूळ हातात घेतलं तर पूर्वीइतकं अडत नाही. दहा पावलांच्या पट्ट्यातल्या शेंगा वाळल्या आहेत आणि वारा आला की वाजतात. मी आक्काकडे जाऊन आलो. मी विचारलं आणि तिने उत्तर दिलं. तिला विहिरीकडची वीस गुंठे हवी आहेत, मुलाच्या नावावर नव्हे, स्वतःच्या नावावर. त्यात काय करणार म्हटलं, तर म्हणाली, ‘ते मी बघीन.’

बक्षीसपत्राचे कागद कपाटात आहेत. मुलगा म्हणतो, विहिरीकडची सोडून दुसरी द्या. बायको म्हणते, लोक काय म्हणतील ते आधी बघा. आणि मी रोज सकाळी पाण्याचा, वाटेचा, किमतीचा हिशेब मांडतोय. भुंग्यांसाठी दहा पावलं सोडताना मी एकही आकडा मांडला नव्हता.